रेणूचं पगारबिल (नवशिक्यांसाठी)

पात्रता : बेरीज यायला हवी. गुणाकार आला तर उत्तम. रसायनशास्त्र आलंच पाहिजे असं नाही. ज्यांना ते येतं त्यांच्याही चुका बेरजेतच होतात, हे मी लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, जेवणाच्या टेबलावर बसून, बरीच वर्षं बघत आलोय.

मी प्राध्यापक नाही. एका मंत्रालयात बिलं तपासतो. कधीकाळी बी.एस्सी. केलं होतं, ते बायकोने जिन्यात कुणाला तरी सांगितलं, आणि तेव्हापासून रविवारी सकाळी अकरावीची मुलं वही घेऊन दारात उभी असतात. ‘अंकल, मोलर मास.’ आमची वसाहत तांब्यांच्या लेकीच्या आणि नेवाळकरांच्या सुनेच्या नावाची असली तरी जिन्यात मराठी घर आमचं एकच, त्यामुळे शिकवणी हिंदीत चालते. हे मार्गदर्शन मराठीत लिहितोय, कारण तेच ते हिंदीत सांगून तोंड दुखलं. सूत्रं मी जशी बोलतो तशीच लिहिली आहेत. कागदावर तुम्ही ती नेहमीच्या चिन्हांत मांडून घ्या.

आमच्या वेळी याला रेणुभार म्हणत. मग भार आणि वस्तुमान या वेगळ्या गोष्टी आहेत हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि पुस्तकात रेणुवस्तुमान आलं. मोलर वस्तुमान हे त्याचंच ग्रॅममधलं रूप. आकडा तोच राहतो. एका रेणूबद्दल बोलत असाल तर एकक डाल्टन, मोलभर रेणूंबद्दल बोलत असाल तर ग्रॅम प्रति मोल.

आता कामाला लागू. पहिली पायरी अशी की नाव बाजूला ठेवा आणि सूत्र मागून घ्या. नावावर बिल पास होत नाही. ‘सोडा’ म्हणाल तर कुठला? भज्यांत चिमूटभर पडतो तो खायचा सोडा, त्याचं मोलर वस्तुमान ८४.०१. कपड्यांचा, म्हणजे धुण्याचा सोडा, खडे असले तर २८६.१४. कॉस्टिक सोडा ४०.००. बाटलीतला सोडा हे संयुगच नव्हे, ते वायू कोंबलेलं पाणी. आणि माझ्या सासुरवाडीला, म्हणजे रत्नागिरीकडे, सोडे म्हटलं की सुकवलेली कोलंबी. तिच्यासाठी पलीकडच्या आयएनए मार्केटात जायचं. तिचं मोलर वस्तुमान काढण्याच्या भानगडीत पडू नका.

सूत्र मिळालं की आवर्तसारणी उघडा. इथे पहिला खड्डा आहे. प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात. सोडियमच्या चौकटीत ११ आणि २२.९९. पूर्ण आकडा दिसला की मुलं त्यावर झडप घालतात. ११ हा अणुअंक, म्हणजे कर्मचाऱ्याचा कोड नंबर. २२.९९ हा त्याचा पगार. कोड नंबरांची बेरीज करून पगारबिल बनवणारा कारकून मी अजून पाहिला नाही. कोड नंबरांची बेरीज करून मोलर वस्तुमान काढणारी मुलं मात्र दर रविवारी पाहतो.

दुसरा खड्डा लहान-मोठ्या अक्षरांचा. मोठा सी आणि छोटा ओ म्हणजे कोबाल्ट, ५८.९३. सी आणि ओ दोन्ही मोठे म्हणजे कार्बन मोनॉक्साईड, २८.०१. एक धातू, दुसरा बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांचा जीव घेणारा वायू. मोबाइलवर सूत्र टाइप कराल तर तो मोबाइल स्वतःच्या अकलेने अक्षरं लहान-मोठी करतो, म्हणून सूत्र हाताने लिहा.

पगार अपूर्णांकात का, असं विचारणारा एखादा हुशार मुलगा निघतोच. क्लोरीनचा ३५.४५ हा नमुना त्याला दाखवा. क्लोरीनचा एकही अणू ३५.४५ चा नसतो. निसर्गात चारांतले तीन साधारण ३५ चे, एक ३७ चा. ही सरासरी आहे. सरासरी कुटुंबात सव्वादोन मुलं असली, तरी पाव मूल कुणाच्या अंगणात खेळत नाही.

आता खरी पायरी, डोकी मोजण्याची.

चुना घेऊ. तंबाखूच्या डबीतला भिजवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साईड. सूत्र : सीए, मग कंसात ओएच, कंसाबाहेर खाली दोन. मागच्या ब्लॉकमधली एक मुलगी पहिल्या दिवशी या दोनवर पेन्सिल टेकवून बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘अंकल, ये बाहर वाला दो किसका है?’ 

इतका चांगला प्रश्न मला ऑफिसात कुणी विचारलेला नाही. बाकीची मुलं तो दोन सरळ शेवटच्या एचला लावून मोकळी होतात. मग कॅल्शियम ४०.०७८, ऑक्सिजन १५.९९९, हायड्रोजन दोनदा १.००८, एकूण ५८.०९. खरं उत्तर ७४.०९. अख्खा एक ऑक्सिजन बिलातून गळाला. कंस म्हणजे कुटुंब. कंसाबाहेर दोन लिहिलंय याचा अर्थ तशी दोन कुटुंबं राहतात, शेंडेफळ दोनदा जेवतं असा नव्हे. एलटीसीच्या, म्हणजे रजा-प्रवास सवलतीच्या, अर्जावर कुटुंबातली माणसं मोजताना कुणाची चूक होत नाही, तिथे चुलतसासूही आठवते.

या चुकीबद्दल मुलांवर फार चिडू नये, कारण तिला थोर परंपरा आहे. ज्या डाल्टनचं नाव आज एककाला दिलंय, त्याने पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन धरला होता. हायड्रोजन १ मानला, तर त्याच्या १८०८ च्या पुस्तकात ऑक्सिजन ७ येतो. मोजमापं ढोबळ होती हे एक, पण मुख्य गफलत डोकी मोजण्यात. एक हायड्रोजन हजेरीपटावर आलाच नाही, त्यामुळे ऑक्सिजनचा पगार निम्मा झाला. पुढची पन्नास वर्षं निरनिराळे रसायनतज्ज्ञ निरनिराळे अणुभार वापरत राहिले. अखेर सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला सगळे जमले, आणि इटलीच्या कानिझ्झारोची अणुभार ठरवायची रीत छापील पुस्तिकेतून तिथे आलेल्यांच्या हाती पडली, तेव्हा हळूहळू हिशेब जुळायला लागला. आमच्याकडे दोन विभागांचे आकडे जुळायला याहून जास्त वेळ लागलेला आहे, पण तो विषय वेगळा.

डोकी मोजून झाली की ज्याचा पगार त्याच्या डोक्यांनी गुणा आणि बेरीज मारा. या पायरीबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मोल म्हणजे काय, हे मध्येच सांगून टाकतो. डझन म्हणजे बारा, ग्रोस म्हणजे १४४, तसा मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात. हा आकडा २० मे २०१९ पासून कायम ठरवून टाकलाय. त्याच दिवशी किलोग्रॅमही पॅरिसजवळच्या धातूच्या ठोकळ्यावरून उतरला आणि प्लांकच्या स्थिरांकावर जाऊन बसला. त्या ठोकळ्याची भारताला मिळालेली प्रत, क्रमांक ५७, आमच्या दिल्लीतच पुसाच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. पूर्वी कार्बन-१२ चा एक मोल व्याख्येनेच बरोब्बर १२ ग्रॅम असे. आता तो ‘मोजून’ १२ ग्रॅम आहे, आणि फरक असलाच तर तो इतका बारीक की बोर्डाच्या परीक्षेतच काय, संसदेच्या लोकलेखा समितीपुढेही कुणी तो काढणार नाही.

नुसत्या आकड्याने मोल कळत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. साखरेचं सूत्र सी बारा, एच बावीस, ओ अकरा, बेरीज ३४२.३०. म्हणजे ३४२ ग्रॅम साखर, आमच्या घरच्या वाटीने पावणेदोन वाट्या, शिऱ्याला पुरेल इतकी. पाण्याचा मोल १८ ग्रॅम, म्हणजे साडेतीन-चार चहाचे चमचे. मिठाचा मोल ५८.४४ ग्रॅम. तीन भांड्यांत हे तीन ढीग ओळीने मांडून ठेवा. तिन्हींत मोलाची संख्या तीच. त्या मुलीने हे पाहिलं आणि पाण्याची वाटी उचलून पिऊन टाकली. ‘एक मोल पी लिया.’ तिला पुढे शिकवावं लागलं नाही.

याचा उपयोग काय, असं मुलं विचारत नाहीत, त्यांचे वडील विचारतात. त्यांना मी दादाचा किस्सा सांगतो.

आमचा थोरला दादा सांगली जिल्ह्यात ऊस करतो. गेल्या वर्षी लागणीच्या वेळी त्याचा फोन आला. दुकानातूनच बोलत होता, समोर दहा-सव्वीस-सव्वीस खताचं पोतं. ‘तू तिकडं पोरांना हे शिकवतोस म्हणं. मग सांग, पन्नास किलोचं पोतं, सव्वीस टक्के स्फुरद, म्हणजे तेरा किलो स्फुरद जाणार ना माझ्या रानात?’

मी म्हटलं, नाही. पावणेसहा किलोसुद्धा जाणार नाही.

पलीकडे शांतता. मग दुकानदाराला उद्देशून एक शब्द ऐकू आला, तो इथे देत नाही. मी घाईने सांगितलं की दुकानदाराचा दोष नाही, पोतंही खरं आहे. पोत्यावरचा २६ हा स्फुरदाचा आकडा नाही, तो पी टू ओ फाइव्हचा आहे. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ३०.९७४ चा, दोन झाले ६१.९४८. ऑक्सिजन पाच, ७९.९९५. एकूण १४१.९४. त्यात फॉस्फरसचा वाटा ४३.६ टक्के. तेरा किलोला ४३.६ टक्क्यांनी गुणलं की ५.६७ किलो.

‘आणि बाकीचं काय? वारा?’

वाराच. तेरा किलोतला सव्वासात किलोंच्या वर ऑक्सिजन. आणि खरं सांगायचं तर तोही या रूपात नाही, कारण पोत्यात पी टू ओ फाइव्ह नावाचं संयुगच नसतं. तिथे फॉस्फेट असतं. तिसऱ्या आकड्याचंही तेच. पोत्यावर पालाश म्हणून के टू ओ मोजतात. त्यात पोटॅशियम ८३ टक्के, म्हणजे तेरा किलोतलं १०.८ किलो, आणि पोत्यात के टू ओ औषधालाही सापडणार नाही. एकोणिसाव्या शतकातले रसायनतज्ज्ञ वनस्पती जाळून राखेचं विश्लेषण करत आणि उत्तर ऑक्साईडच्या रूपात मांडत. राख गेली, रीत राहिली. सरकारी फॉर्मवर जुने रकाने राहतात तशी.

दादाने डोस वाढवायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा मात्र मी त्याला थांबवलं. एकरी शिफारस करणारेही याच फुगवलेल्या भाषेत बोलतात. शिफारशीत स्फुरद लिहितात तेही पी टू ओ फाइव्हच. दोन्ही बाजूंनी सारखंच फुगवलेलं असलं की हिशेब जुळतो. घोटाळा होतो तो एक बाजू खऱ्या फॉस्फरसची आणि दुसरी पोत्यावरची धरली तर, आणि मग रानात सव्वादोनपट खत पडतं.

युरिया त्या मानाने सरळ माणूस. त्याच्या पोत्यावरचं नत्र हे खरोखर नत्रच. कार्बन १२.०११, ऑक्सिजन १५.९९९, नायट्रोजन दोन म्हणजे २८.०१४, हायड्रोजन चार म्हणजे ४.०३२. एकूण ६०.०५६. नत्राचा वाटा ४६.६ टक्के, पोत्यावर ४६. पंचेचाळीस किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र. आणि ही वरची मर्यादा रेणूनेच घातलेली आहे. उद्या कुणी गावात ‘पन्नास टक्केवाला युरिया’ म्हणून विकायला आला, तर प्रयोगशाळेत नमुना पाठवायची गरज नाही, कागद-पेन्सिल पुरे. दादाला हे फार आवडलं. आता तो चावडीवर ६०.०५६ हा आकडा सांगतो म्हणे.

न दिसणाऱ्या संयुगाच्या नावाने मोजणं आमच्या दिल्लीतही चालतं. इथलं नळाचं पाणी जड. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर, बादलीच्या कडेला पांढरी रेघ. पाण्याच्या अहवालात हा जडपणा ‘कॅल्शियम कार्बोनेट म्हणून’ मिलिग्रॅम प्रति लिटर असा येतो; पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकारार्ह मर्यादा, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, कार्बोनेट तर गीझरात तापल्यावर कॉइलवर बसतं. मग त्याच्याच नावाने का मोजायचं? कॅल्शियम कार्बोनेटचं मोलर वस्तुमान काढून बघा. १००.०९. शंभराने भागायला कुणाला कष्ट पडत नाहीत.

आता शेवटची पायरी. इथे बहुतेकांचा बळी जातो, म्हणून सावकाश वाचा.

तुरटी घ्या. दाढीनंतर फिरवायची, काचेसारखी स्वच्छ. (पाणी निवळायला पोत्याने येते ती पुष्कळदा नुसतं ॲल्युमिनियम सल्फेट असते, तिचं सूत्र वेगळं.) दाढीच्या तुरटीत एक पोटॅशियम, एक ॲल्युमिनियम, कंसात सल्फेट, कंसाबाहेर दोन. त्यानंतर एक टिंब. टिंबानंतर बारा एच टू ओ.

टिंब पाहून मुलांचे दोन पक्ष पडतात. एका पक्षाला ते गुणिलेचं चिन्ह वाटतं. त्यांचं उत्तर हजारांत जातं आणि ते बिनधास्त दोन दशांशांपर्यंत लिहितात. दुसऱ्याला तो पूर्णविराम वाटतो, ते तिथेच थांबतात. टिंब म्हणजे फक्त ‘आणि’. बारा पाणी त्या स्फटिकात घरच्यासारखं राहतं, रेशनकार्डावर त्याचंही नाव आहे.

तोंडी पटत नसेल तर माझ्यासारखं करा. म्हणजे शक्यतो करू नका, पण करायचंच असेल तर खिडकी उघडून, मोडीत निघालेल्या स्टीलच्या टोपात करा. पन्नास ग्रॅम तुरटी कुटून मंद आचेवर ठेवली. आधी ती आपल्याच पाण्यात विरघळावी तशी वितळली, मग खदखदली, मग फुगून पांढरीफेक झाली. आमच्या आजीची तुरटीची लाही ती हीच. गार झाल्यावर वजन केलं : तीस ग्रॅम. सगळं पाणी गेलं असतं तर २७.२ व्हायला हवं होतं, म्हणजे आत अजून थोडं दडून बसलं होतं. पण वीस ग्रॅम तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाफ होऊन खिडकीबाहेर गेलं. बायको दारात उभी राहून बघत होती. ‘अहो, म्हणजे इतकी वर्षं आपण तुरटीच्या भावाने पाणी विकत घेत होतो?’ जवळजवळ निम्मं. ४५.६ टक्के.

दशांशांची चिंता कमी करा, ही माझी व्यावसायिक शिफारस. परीक्षेत प्रश्नपत्रिकेत दिलेल्याच किमती वापरा आणि आकडे शेवटी एकदाच छाटा. तुरटीचं मोलर वस्तुमान नीट किमतींनी ४७४.३७ येतं, पोटॅशियम ३९, ॲल्युमिनियम २७, गंधक ३२, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १ असं ठोकळ धरलं तरी ४७४. फरक सदतीस पैशांचा. पाणी विसरलात तर फरक २१६ चा. तरी मुलं भांडतात ती ऑक्सिजन १६ धरायचा की १५.९९९ यावर. माझ्या ऑफिसातही हेच आहे. चार आण्यांच्या फरकावर तीन दिवस फाइल अडते, आणि एका माणसाचा अख्खा पगारच लावायचा राहिलाय हे महिनाअखेरीला तो माणूस येऊन सांगतो. रेणूतलं पाणी सांगायला येत नाही.

तेव्हा तुरटीचं गणित एकदा स्वतः मांडा. ४७४ च्या आसपास उत्तर आलं तर पुढच्या रविवारी यायची गरज नाही. ४१० आलं असेल तर कंसाबाहेरचा दोन सल्फेटमधल्या गंधकाला लागला, ऑक्सिजनला लागलाच नाही, किंवा ऑक्सिजन मोजताना बोट घसरलं असेल. २५८ आलं असेल तर बारा पाणी राहिलंय. येताना वही आणा.